दोन उभ्या रेघा

चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून जे राहील त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत शिरले. एक बाहेर दिसतो आहे. तर एकूण किती? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पंचमांश १०, त्यातून ३ गेले, राहिले ७. वर्ग ४९ आणि बाहेरचा एक. पण पाचाचा पंचमांश १! त्यातून ३ वानर वजा कसे करावयाचे? आचार्यांनी ते उत्तर अग्राह्य ठरविले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. मात्र उणे दोनाचाही वर्ग ४ च येतो. वर्ग करताच ऋणचिन्ह लोपते आणि केवळ मान उरते, ही गोष्ट त्या उदाहरणातच होती.

या मानालाच आज आपण केवलमूल्य म्हणतो. लहानमोठेपणाची < आणि > ही चिन्हे इंग्लंडात हॅरियटच्या ग्रंथातून, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापली गेली. कलनशास्त्राचा मोठा पसारा त्यानंतर उभा राहिला, परंतु ‘अत्यंत सूक्ष्म’ राशी म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगेना. १७३४ मध्ये बिशप बर्कलीने याचीच टर उडविली. १८२१ साली पॅरिसमध्ये कोशीने मार्ग दाखविला: तुम्ही म्हणाल तितकी लहान मर्यादा घ्या, फरकाचे चिन्हरहित मान तिच्या आत राहते असे मी दाखवितो. सूक्ष्मतेचा वाद असा असमानतेच्या हिशेबावर आला.

तो हिशेब सोपा आहे. |क्ष − ५| < २ म्हणजे रस्त्याच्या ५ व्या मैलापासून २ मैलांच्या आतली जागा. अंतराला दिशा नसते, म्हणून क्ष ३ आणि ७ यांच्या दरम्यान. चिन्ह उलटे झाले की जागा दोन होतात: ३ च्या अलीकडे किंवा ७ च्या पलीकडे. विद्यार्थिदशेत मी हे ७ < क्ष < ३ असे एका ओळीत लिहीत असे. त्यातून ७ हे ३ हून लहान ठरतात, हे ध्यानात यायला बराच काळ गेला.

या दोन उभ्या रेघा जर्मनीतील वायरश्ट्रासच्या १८४१ च्या एका निबंधात आढळतात. तेव्हा तो शाळामास्तर होऊ पाहत होता. तो निबंध छापून निघाला १८९४ साली.