शाई उतरवण्याचे उद्योग

1774 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये एक छोटी पुस्तिका निघाली. लेखक युस्टुस क्लाप्रोट कागदवाला नव्हता. कायद्याचा प्राध्यापक होता. त्या काळी कागद चिंध्यांपासून बने आणि चिंध्या पुरत नसत. क्लाप्रोटने छापील रद्दीवरची शाई काढली ती लोकर धुणाऱ्यांच्या मातीने, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या सख्ख्या बहिणीने. पुस्तिकाही त्याच धुतलेल्या कागदावर छापली.

लंडनच्या मथायस कूप्सने 1800 मध्ये या कामाचं पेटंट घेतलं आणि बर्मंडसीतल्या नेकिंजर गिरणीत धंदाच मांडला. त्याने लिहिलेल्या कागदाच्या इतिहासाची 1801 ची आवृत्ती अशाच कागदावर निघाली. त्याची भिस्त क्षारावर होती. छपाईची शाई म्हणजे उकळलेल्या जवस तेलात घोटलेली काजळी. तेलाला तीव्र क्षार भेटला की साबण होतो आणि काजळी सुटते. रसायन पक्कं, हिशेब कच्चा! मिलबँकला पेंढ्याच्या कागदाचा अवाढव्य कारखाना काढून कूप्स थोड्याच वर्षांत बुडाला.

मग लाकडाचा लगदा स्वस्त झाला आणि रद्दी धुण्याची निकड ओसरली.

विसाव्या शतकात ती परतली. वृत्तपत्राचे प्रकाशक रिचर्ड स्कडर यांनी 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या गारफील्डला निव्वळ जुन्या वर्तमानपत्रांपासून नवा वृत्तपत्री कागद काढणारी गिरणी चालू केली. अनेक गिरण्यांनी खाणवाल्यांची रीत उचलली: लगद्यात हवा सोडायची, साबणाच्या बुडबुड्यांना शाईचे कण चिकटू द्यायचे आणि वरचा काळा फेस काढून टाकायचा. सोबत कॉस्टिक सोडा, सोडियम सिलिकेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. यातलं पेरॉक्साइड बरंचसं सोड्याचंच पाप धुण्यासाठी, कारण सोड्याने लाकडाचा लगदा पिवळा पडतो.

फोटोकॉपी आणि लेझर प्रिंटर आले तेव्हा क्षाराची मात्रा चालेना. टोनर म्हणजे वितळून कागदावर बसलेलं प्लॅस्टिक. त्यात साबण होण्याजोगं तेलच नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने सेल्युलेज हे विकर वापरून पाहिलं. ते शाईच्या वाटेला न जाता तंतूचा पृष्ठभाग किंचित कुरतडतं आणि टोनर सुटा होतो. मात्रा जास्त झाली, तर कागदच कमजोर.

याच सुमारास काही वृत्तपत्रांनी पाण्यात कालवलेली फ्लेक्सो शाई घेतली. छापखान्याची हवा त्यामुळे स्वच्छ राहिली. पण सोड्याच्या पाण्यात तिचे कण इतके बारीक होतात, की बुडबुड्यांना ते सापडतच नाहीत आणि सगळा लगदा करडा होतो.