दर घाण्यामागे पळीभर तेल

पाटणचा शिलालेख पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी नजर तेलावर अडली. चाळीसगावजवळचं हे पाटण. यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी चंगदेव यांनी आपल्या आजोबांचे, म्हणजे भास्कराचार्यांचे, ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. लेख 1207 च्या सुमाराचा. त्याच्या मराठी भागात मठाची तरतूद लिहिली आहे: गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल.

मी गणिताचा शिक्षक. अकरावीत मला संयुक्त कोनांची सूत्रं 'पाठ करा' म्हणून मिळाली. साइन ए कॉस बी अधिक कॉस ए साइन बी. त्यांच्या जोरावर डावी बाजू उजवीएवढी करून दाखवली, गुणही पडले. पण हे सूत्र कुणाला कशासाठी लागलं, ते मला भास्कराचार्यांच्या 'ज्योत्पत्ती'ने सांगितलं.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. ज्योत्पत्ती हे त्यातलं 'ज्या' काढण्याचं प्रकरण; ज्या म्हणजे साइन गुणिले त्रिज्या, कोटिज्या म्हणजे कॉस गुणिले त्रिज्या. ग्रहाचं स्थान काढायचं तर ज्यांचं कोष्टक हाताशी हवं. वर्तुळाच्या परिघाच्या 21,600 कला (एका अंशाच्या साठ), म्हणून त्रिज्या 3438. दोन कोनांच्या ज्या ठाऊक असतील तर एकाची ज्या दुसऱ्याच्या कोटिज्येने गुणायची, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि दोन्ही गुणाकारांना त्रिज्येने भागायचं. बेरीज घेतली की कोनांच्या बेरजेची ज्या, वजाबाकी घेतली की फरकाची. त्यांनी यांना समासभावना आणि अंतरभावना म्हटलं. वर्गप्रकृती या समीकरणांच्या प्रकारातही असाच तिरका गुणाकार होता. त्याचंच नाव त्यांनी इथे आणलं.

याच सूत्रातून एकेका अंशाने पुढे जायची रीत निघते. हातातल्या ज्येतून तिचाच 6569 वा भाग वजा करा, कोटिज्येची दहापट घेऊन तिला 573 ने भागा, आणि दोन्ही मिळवा. 30 अंशांची ज्या 1719, कोटिज्या 2977.4. पहिल्यातून उरतात 1718.74, दुसऱ्यातून येतात 51.96. बेरीज 1770.70. आजच्या कॅल्क्युलेटरवर 31 अंशांच्या साइनला 3438 ने गुणा, हेच उत्तर येतं. एका अंशाचे कॉस आणि साइन त्या दोन अपूर्णांकांत दडलेले आहेत.

या बेरजेच्या सूत्रामागची उपपत्ती पुढच्यांनी लिहून ठेवली. केरळात सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवांनी 'युक्तिभाषा'त ती मलयाळममध्ये उलगडली. काशीत 1658 मध्ये कमलाकरांनी 'सिद्धान्ततत्त्वविवेका'त ती दिली, शिवाय दुप्पट, तिप्पट कोनांची सूत्रंही. अलेक्झांड्रियात टॉलेमीने दुसऱ्या शतकातच चक्रीय चौकोनावरून वर्तुळाच्या जीवांसाठी हीच गोष्ट सिद्ध केली होती. तिघांची वाट वेगळी, मुक्काम एकच.

पाटणच्या मठात रात्री पोथी उघडली जात असेल, तेव्हा दिव्यात घाण्यावरचं तेच तेल असेल, असं मला वाटत राहतं. तेल्याला ज्या-कोटिज्या ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी त्याच्या घाण्याचा त्या शिकण्याला आधार होता.

म्हणून संयुक्त कोनांचा धडा आला की मी आधी त्या पळीची गोष्ट सांगतो, मग 31 अंशांची ज्या हाताने काढायला लावतो. वह्यांत 1770.7 उतरलं की कुणीतरी विचारतंच, "सर, पण हे येतं कसं?" तेव्हाच मी फळ्यावर वर्तुळ काढतो.