हैदराबादहून येणारा फुगा

मराठवाड्यात हैदराबादचे नाव निघाले की रझाकार, पोलीस अॅक्शन आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो. आम्हा मुसलमानांना तर त्या नावाचा हिशेब आजही द्यावा लागतो. पण हैदराबादशी आपले आणखी एक नाते आहे आणि ते आकाशातून जाते.

मी नांदेडला शाळेत असताना अब्बा वर्तमानपत्रातली एक छोटी सूचना मोठ्याने वाचून दाखवत. हैदराबादहून शास्त्रीय उपकरणे घेऊन फुगे सुटणार आहेत; नांदेड, लातूर भागात रंगीत पॅराशूटने पेटी उतरली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. आम्ही पोरे दिवसभर गच्चीवर.

त्या पेट्यांत काय असते, हे पुष्कळ उशिरा समजले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ साली हैदराबादेत फुग्यांचे केंद्र उभारले. पातळ पॉलिथीनचा, हायड्रोजन भरलेला फुगा ३० किलोमीटरच्या वर जातो. तारे जन्मतात त्या तेजोमेघांत धूळ इतकी दाट असते की आतला प्रकाश बाहेर येत नाही. मात्र ती धूळ तापते आणि अवरक्त किरण सोडते. आपल्या हवेतली वाफ ते किरण शोषून घेते. म्हणून संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीणच फुग्याला बांधून वर पाठवली. काम झाले की ती पॅराशूटने खाली येई. कुठे, हे वारा ठरवी.

दुसरी बाजू जुन्नर तालुक्यातल्या खोडदने सांभाळली. तप्त तरुण ताऱ्यामुळे भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या वायूतून रेडिओ लहरी निघतात. त्यांना धूळ अडवत नाही. खोडदच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना त्या टिपतात. काही तेजोमेघ दोन्हीकडून तपासले गेले: फुग्यावरून धूळ, खोडदहून वायू.

हैदराबादच्याच दायरतुल मआरिफने १९५४ साली अल-सूफीचा दहाव्या शतकातला ताऱ्यांवरचा अरबी ग्रंथ छापला. पोलीस अॅक्शनला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. त्या जखमा खऱ्या आहेत, दोन्हीकडच्या. पण नुसत्या जखमाच मोजत बसलो तर त्या शहराने आकाशाकडे पाहिले होते, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

तुमच्या शिवारात कधी अशी पेटी उतरली असेल, तर घरातल्या बुजुर्गांना विचारून लिहून ठेवा. तोही मराठवाड्याचा इतिहास आहे.