चुन्याच्या रेघेबाहेर

खडकीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. बापू गोखल्यांची फौज आणि कंपनीच्या पलटणी इथे भिडल्या आणि पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. आमच्या घरातल्या जुन्या माणसांचा इतिहास मात्र तिथून सुरू होत नसे. लढाई झाली, गोऱ्यांची छावणी पडली, दारूगोळ्याचा कारखाना आला, एवढं सगळं आजोबा एका दमात उरकत आणि मग फुटबॉलच्या मैदानावर येऊन ऐसपैस बसत. त्यांच्या लेखी खडकीचं खरं काय ते तिथून पुढे.

बाहेरच्यांना खडकी माहीत आहे ती हॉकीमुळे. धनराज पिल्ले १९६८ साली इथेच जन्मला, आणि ते नाव घेतलं की पुढे बोलायला काही उरत नाही. पण पावसाळा लागला की काठ्या माळ्यावर जात आणि चेंडू खाली येई. फुटबॉल हा चिखलाचा खेळ, असं आजोबांचं ठाम मत होतं.

कारखाना १८६९ चा. इंग्लंडचा संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्लासगोजवळ पार्टिकला, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, स्कॉटलंडशी. गोलशून्य बरोबरी झाली. म्हणजे आमचा कारखाना जगातल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलपेक्षा तीन वर्षांनी थोरला! हा हिशेब मी मांडून दाखवला तेव्हा मोठे काका इतके खूश झाले, की जणू कारखान्यानेच तो सामना भरवला होता.

पलटणी आल्या तसा त्यांच्याबरोबर खेळ आला. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईला रोव्हर्स कप. पहिला रोव्हर्स वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढे कित्येक वर्षं करंडक एका बराकीतून दुसऱ्या बराकीत फिरत राहिला. देशी नागरी संघाने, म्हणजे बंगलोर मुस्लिम्सने, तो पहिल्यांदा जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं.

आजोबांच्या लहानपणी छावणीतल्या मैदानाभोवती चुन्याची रेघ आखलेली असे. रेघेच्या आत टॉमी खेळत, बाहेर आमची पोरं उकिडवी बसत. आत पाऊल टाकायचं ते फक्त बाहेर गेलेला चेंडू परत द्यायला. त्या चेंडूचं वर्णन आजोबा हातांनी करून दाखवायचे. जाड कातड्याचे तुकडे शिवलेले, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड बांधायला कातडी वादी. पाऊस प्यायला की तो दुप्पट जड व्हायचा. डोक्याने मारताना वादी कपाळावर आली तर वळ दोन दिवस जात नसे. ‘पोरं अनवाणी आणि चेंडू असा धोंडा,’ ते म्हणत, ‘म्हणून आमचा पाय नेमका. चुकीचा लागला तर अंगठा गेलाच.’

त्या पिढीची एक श्रद्धा होती. खेळ इंग्रजाचा, तेव्हा त्यात पहिला नंबरही इंग्रजाचाच. आणि खुद्द इंग्लंडचीही तीच समजूत होती. पैशांवरून वाद झाला म्हणून १९२८ मध्ये त्यांची फुटबॉल असोसिएशन ‘फिफा’तून बाहेर पडली ती १९४६ मध्ये परतली. १९३०, १९३४, १९३८ हे तिन्ही विश्वचषक त्यांच्याशिवाय झाले. न खेळताच आपण जगज्जेते आहोत, हे धरून ते घरी बसले होते.

युद्धात तर इंग्लंडचा फुटबॉल आपल्या दाराशी आला. आर्सेनलचा आणि युद्धकाळातल्या इंग्लंड संघाचा डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत महूला होता. मार्च १९४५ मध्ये तो होळकर संघाकडून रणजीचा अंतिम सामना खेळला. ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध ८६७ धावांचं लक्ष्य होतं, त्यात हा नाबाद २४९, तरीही होळकर हरले. आजोबांचे एक मित्र तो सामना बघून आले आणि आयुष्यभर सांगत राहिले, की फुटबॉलवाला जाता जाता बॅट हातात घेतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय.

त्याच युद्धात मेलेल्यांपैकी १६६८ जण मुळा रोडजवळच्या युद्धस्मशानात आहेत. दगडांवरची वयं वाचत गेलं तर वीस, बावीस, चोवीस. काका म्हणतात, यांतले कितीतरी उजव्या विंगला खेळत असतील. आजोबांच्या पिढीला राज्याचा राग होता, पण रेघेच्या आतल्या पोरांशी त्यांचं भांडण नव्हतं.

आता आमच्या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट. भारत १९५० चा विश्वचषक का खेळला नाही? तर अनवाणी खेळू देईनात म्हणून. ही गोष्ट देशभर सांगतात आणि तिला थोडा आधार आहेही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले, फ्रान्सच्या नाकी नऊ आणले, दोन पेनल्टी दवडल्या आणि शेवटच्या मिनिटांत १–२ असे हरले. पण १९५० चं खरं कारण वेगळं. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे आपण न खेळताच पात्र ठरलो होतो. इटली, स्वीडन आणि पराग्वेच्या गटात नाव पडलं होतं. पण ब्राझीलचा प्रवास लांबचा, आणि आपल्या महासंघाला ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचं महत्त्वच वाटलं नव्हतं. संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं, की बुटांची सबब नंतर पुढे केली गेली. बूट आले ते १९५२ नंतर. हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले तेव्हा. हे सगळं ऐकूनही काका अनवाणीचीच गोष्ट सांगतात. तिच्यात निदान मान राहतो.

त्याच १९५० मध्ये इंग्लंड पहिल्यांदा विश्वचषकाला गेलं. २९ जूनला बेलो होरिझोंतेला त्यांची गाठ अमेरिकेशी पडली. अमेरिकेकडून गोल केला तो हैतीत जन्मलेल्या जो गेटजेन्सने. इंग्लंड ०–१. मग स्पेननेही ०–१ ने हरवून घरी धाडलं. आजोबांनी त्या वर्षी एक वही घातली. कारखान्यातून मिळालेली जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिलीने आखलेले तीन रकाने: साल, गाव, कोणाकडून हरले. चौथा रकाना, जिंकल्याचा, आखलाच नव्हता. हिशेबाला काटेकोर असलेल्या माणसाने हे मुद्दाम केलं असणार.

वही भराभर भरली. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली, हंगेरी, ३–६. युरोप खंडातून येऊन वेम्बलीवर इंग्लंडला लोळवणारा हा पहिला संघ. पुश्काशने चेंडू तळपायाने मागे ओढला आणि इंग्लंडचा कप्तान बिली राइट रिकाम्या जागेवर घसरत गेला. सहा महिन्यांनी बुडापेस्टला परतफेड करायला गेले तर १–७. ५४ मध्ये उरुग्वे, ५८ मध्ये रशिया, ६२ मध्ये ब्राझील. मधे एक नोंद इंग्लंडची नसून ग्रेट ब्रिटनची आहे आणि तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक, बल्गेरियाकडून १–६. खाली लिहिलंय, ‘भारत ४, ऑस्ट्रेलिया २’. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक. भारत उपांत्य फेरीत, साहेब परतीच्या बोटीवर.

१९६६ ला मात्र आजोबांची पंचाईत झाली. अंतिम सामना ३० जुलैचा, आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ, साडेसातला सुरू. शेजारच्या अँग्लो-इंडियन घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ होता, चाळीतली सगळी पुरुषमंडळी तिथे. घरघर, शिट्ट्या, मधूनच बीबीसी. जादा वेळेत हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला तेव्हाच आवाज गेला. परत आला तेव्हा इंग्लंड ३–२. गोल होता की नव्हता यावर साऱ्या जगाचा वाद चालू आहे, आमच्या चाळीचा तर न बघता चालू राहिला. शेवटी ४–२. प्रशिक्षक आल्फ रॅम्सी हा बेलो होरिझोंतेला आणि हंगेरीविरुद्धच्या वेम्बलीवरही स्वतः खेळलेला माणूस. दोन्ही लाजिरवाण्या हरण्यांतून जो गेला त्यानेच कप आणला, ही गोष्ट आजोबांना पटली. मार खाल्लेला माणूस म्हणून त्यांनी रॅम्सीला आपल्यात घेतलं. वहीत मात्र ओळ अशी: ‘१९६६. हरले नाहीत.’

पुढची पानं ठरल्यासारखी. १९७० ला पश्चिम जर्मनीविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवली. ७४ आणि ७८ ला पात्रच ठरले नाहीत. मग २२ जून १९८६, मेक्सिको. रात्री साडेअकराचा सामना, दूरदर्शन. या वेळी मी स्वतः होतो, दाटीवाटीत मांडी घालून. मॅराडोनाने पहिला गोल हाताने केला तेव्हा आजोबा एकटेच ओरडले, ‘फाऊल!’ बाकी सगळी खडकी नाचत होती. चार मिनिटांनी त्याने अर्ध्या मैदानातून पाच-सहा जणांना चकवत दुसरा केला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘हा मोजा. पहिला मोजू नका.’ एवढी वर्षं इंग्लंडच्या हरण्याची नोंद ठेवणारा हा माणूस अन्यायाने हरवायला तयार नव्हता.

आजोबा गेल्यावर वही आत्याकडे आली. ती त्याच कारखान्यातून निवृत्त झालेली, अक्षर बापासारखंच. ९०, ९६, ९८, २००४, २००६, २०१२: सगळीकडे ‘पेनल्टी’ एवढाच शेरा. युरो २०२० चा अंतिम सामना २०२१ मध्ये इटलीशी वेम्बलीवर, पुन्हा पेनल्टी. २०२२ ला फ्रान्स. १४ जुलै २०२४, बर्लिन, स्पेन, १–२. २०२२ पर्यंत सोळा विश्वचषक, कप एक.

मी तिला एकदा प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्याची हकिगत सांगितली. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनायचा आणि काम करणाऱ्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, त्याच फुटबॉल असोसिएशनने फतवा काढला, की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि आमच्या कुठल्याही मैदानावर त्यांना खेळू देऊ नये. बंदी उठायला १९७० चं दशक लागलं.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, ‘दारूगोळा चालतो. चेंडू चालत नाही.’

मला वाटतं, वहीतला सगळा इतिहास एवढाच आहे. ज्यांनी रेघ आखली त्यांना खेळ आपल्यापुरता हवा होता, आणि रेघेबाहेर बसवलेल्यांनी तो मोठा केला. हैतीचा पोरगा, हंगेरीची टोळी, मेलबर्नमधला डिसोझा. शेवटी रेघ आखणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातल्या मुलीही. ३१ जुलै २०२२ ला वेम्बलीवर इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीला जादा वेळेत २–१ हरवून युरो जिंकला. पुरुषांच्या त्या एकुलत्या एक कपाला आदल्या दिवशी छप्पन्न वर्षं झाली होती. २०२५ मध्ये बाझलला त्यांनी तो राखला, स्पेनला हरवून, आणि तेही पेनल्टीवर.

आत्याने वहीत पट्टीने चौथा रकाना आखला. काका कुरकुरले, ‘ते वेगळं, ते यात घालायचं नाही. दादांची वही इंग्लंडची आहे.’

‘मग या कुठल्या, रशियाच्या?’ आत्या म्हणाली, आणि तिने साल घातलं.