अमेरिकन अभिजात संगीत : आइव्ह्जपासून अ‍ॅडम्सपर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उत्तम वाद्यवृंद होते. न्यूयॉर्क फिलहार्मनिकची स्थापना 1842 साली, तर बॉस्टन सिंफनीची 1881 साली झाली होती. पण मैफलींत वाजायचे ते मुख्यतः जर्मन परंपरेतले संगीत, आणि तरुण अमेरिकन रचनाकार शिकायला जायचे तेही लाइपझिग, म्युनिक किंवा फ्रँकफर्टला. 1892 ते 1895 या काळात न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक असलेले चेक रचनाकार आंतोनिन ड्वोर्झाक यांनी या परावलंबनावर बोट ठेवले. कृष्णवर्णीयांची भक्तिगीते आणि मूलनिवासींचे संगीत यांतूनच या देशाचे संगीत उभे राहील, असे त्यांचे मत होते. देशाचे संगीत कशावर उभे राहावे, या प्रश्नाची पुढील शंभर वर्षांत अमेरिकन रचनाकारांनी अनेक उत्तरे दिली. आपला श्रोता कोण, याविषयी ज्याची जी कल्पना, तिच्याशी त्याची शैली बरीचशी बांधलेली राहिली.

चार्ल्स आइव्ह्ज (1874–1954) यांना बराच काळ श्रोताच नव्हता. कनेक्टिकटमधील डॅनबरी हे त्यांचे गाव, वडील बँडमास्तर. येल विद्यापीठात संगीताचे रीतसर शिक्षण घेऊनही आइव्ह्ज यांनी पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये विम्याचा व्यवसाय केला, त्यात भरपूर कमावले आणि फावल्या वेळात रचना केल्या. गावातली स्तोत्रे, लष्करी कूच आणि लोकप्रिय गाणी त्यांच्या संगीतात एकावर एक, निरनिराळ्या सुरांत आणि लयींत ऐकू येतात. 1908 मधील ‘द अनअ‍ॅन्सर्ड क्वेश्चन’ या छोट्या रचनेत तंतुवाद्ये अतिशय संथपणे साधे स्वरमेळ धरून राहतात. त्यावर ट्रम्पेट एकच प्रश्नार्थक स्वरवाक्य सात वेळा वाजवते. बासऱ्यांचा गट सहा वेळा उत्तर देऊ पाहतो, दर वेळी अधिक गोंधळतो, आणि सातव्या वेळी गप्प राहतो. हे तीन थर परस्परांशी लय जुळवत नाहीत. 1922 साली आइव्ह्ज यांनी 114 गाण्यांचा संग्रह स्वखर्चाने छापला. त्यांच्या तिसऱ्या सिंफनीचे पहिले वादन झाले ते थेट 1946 साली, आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

1920 च्या दशकात जॅझ मैफलीच्या सभागृहात शिरला. 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या बँडबरोबर जॉर्ज गर्श्विन यांनी ‘रॅप्सडी इन ब्लू’ सादर केली. सुरुवातीची क्लॅरिनेटची चढती सुरावट त्यांनी सुट्या स्वरांत लिहिली होती. तालमीत वादक रॉस गॉर्मन यांनी गंमत म्हणून तिचा वरचा भाग मिंडेने ओढला. गर्श्विन यांना तो इतका आवडला की तीच रीत कायम झाली. ब्रॉडवेवर नाव कमावलेल्या या रचनाकाराने 1935 साली ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेराही लिहिला. कृष्णवर्णीय रचनाकार मात्र ही सामग्री बाहेरून उचलत नव्हते. विल्यम ग्रँट स्टिल यांच्या ‘आफ्रो-अमेरिकन सिंफनी’चा (1931) मुख्य विषय बारा मापांच्या ब्लूजवर उभा आहे. फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी 1933 साली शिकागो सिंफनीने वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिलीच वेळ होती.

याच सुमारास शिक्षणाचे केंद्र जर्मनीतून फ्रान्सकडे सरकले. नादिया बुलांझे या फ्रेंच शिक्षिकेकडे अ‍ॅरन कोपलंड, व्हर्जिल थॉमसन, वॉल्टर पिस्टन, रॉय हॅरिस आणि एलियट कार्टर शिकले. ब्रुकलिनचे कोपलंड (1900–1990) परतल्यावर आधी कठोर, टोकदार शैलीत लिहीत होते. 1930 ची ‘पियानो व्हेरिएशन्स’ ही तिचा नमुना. महामंदीच्या काळात मात्र आपले संगीत मूठभरांपुरते उरल्याची खंत त्यांना वाटू लागली. रेडिओ आणि ग्रामोफोनमुळे तयार झालेल्या नव्या श्रोत्यासाठी त्यांनी भाषा सोपी केली. ‘बिली द किड’ (1938) आणि ‘रोडिओ’ (1942) या बॅलेंत काउबॉयांची गाणी आहेत. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी लिहिलेले ‘अ‍ॅपलेशियन स्प्रिंग’ 1944 साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सादर झाले. तिथली जागा लहान, म्हणून मूळ रचना अवघ्या तेरा वाद्यांची आहे. शेकर पंथाच्या एका गीतावरील बदलती रूपे त्यात येतात. एकमेकांपासून दूर ठेवलेले स्वर, मोकळे पंचम आणि मधली शांतता या लक्षणांमुळे ऐकणाऱ्याला विस्तीर्ण माळरान जाणवते. हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटांनी हीच लकब पुढे उचलली.

सॅम्युएल बार्बर यांनी लोकगीतांकडे न वळता एकोणिसाव्या शतकाची गेय, भावपूर्ण वाट चालू ठेवली. त्यांच्या ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’चे पहिले वादन 1938 साली वाद्यवृंदसंचालक तोस्कानिनी यांनी रेडिओवरून केले, आणि राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी वाजणारी रचना म्हणून ती रूढ झाली.

दुसरीकडे प्रयोगशील मंडळी ‘संगीतात कोणता आवाज चालेल’ हाच प्रश्न मोकळा करत होती. हेन्री कॉवेल हाताच्या पंजाने आणि कोपरापर्यंतच्या भागाने पियानोच्या अनेक पट्ट्या एकदम दाबत. ‘द बॅन्शी’मध्ये (1925) वादक थेट पियानोच्या तारांवर बोटे घासतो. पॅरिसहून 1915 साली न्यूयॉर्कला आलेल्या एडगार व्हारेझ यांच्या ‘आयोनायझेशन’मध्ये तेरा आघातवादक आणि सायरन आहेत. कॉवेल यांचे शिष्य जॉन केज (1912–1992) यांनी 1940 च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये एका नृत्यासाठी नवी युक्ती काढली. आघातवाद्यांचा ताफा मावण्याइतकी जागा नव्हती, म्हणून त्यांनी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट आणि इतर वस्तू अडकवल्या. एकाच वाद्यातून घंटा, लाकडी ठोकळे आणि लहान ढोल यांसारखे आवाज निघू लागले. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ (1946–48) या मालिकेसाठी 45 पट्ट्यांच्या तारा अशा तयार कराव्या लागतात. आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून केज यांना रससिद्धांत कळला होता, आणि शांत रसाकडे झुकणारे स्थायी भाव हा या मालिकेचा आधार आहे. त्याच काळात अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून त्यांनी भारतीय संगीत समजून घेतले; मन स्थिर करणे हे संगीताचे प्रयोजन, हे त्यांनी सांगितलेले सूत्र केज पुढे आयुष्यभर उद्धृत करत. 29 ऑगस्ट 1952 रोजी वुडस्टॉकला पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी केज यांची ‘4 मिनिटे 33 सेकंद’ सादर केली. तीन भाग, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट झाकणाच्या उघडझापीने दाखवलेला, आणि एकही स्वर वाजवलेला नाही. सभागृहात आपोआप ऐकू येणारे आवाज हेच संगीत, अशी ही मांडणी होती.

नाझी राजवटीमुळे ऑस्ट्रियन रचनाकार शोनबर्ग 1933 साली अमेरिकेत आले. बारा स्वरांच्या क्रमावर आधारलेली त्यांची पद्धत युद्धानंतर विद्यापीठांत रुजली. प्रिन्स्टनचे मिल्टन बॅबिट यांनी स्वरांप्रमाणेच कालमान आणि आवाजाची पातळीही क्रमबद्ध केली. प्रगत गणिताप्रमाणे प्रगत संगीतालाही सर्वसामान्य श्रोत्याची गरज नाही, अशी भूमिका त्यांनी 1958 च्या एका लेखात घेतली. एलियट कार्टर यांनी तंतुवाद्यांच्या चौकडीतल्या चार वाद्यांना चार स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे दिली. चालू लयीतला एखादा उपविभाग हीच पुढच्या लयीची मात्रा ठरवून वेग बदलण्याचे त्यांचे तंत्र विशेष गाजले.

या गुंतागुंतीवरची प्रतिक्रिया 1960 च्या दशकात मिनिमलिझमच्या रूपाने आली. तिची ठिकाणे विद्यापीठांबाहेरची होती: कलादालने, चित्रकारांचे मोठे मजले, सॅन फ्रान्सिस्कोचे टेप म्युझिक सेंटर. तिथेच 1964 साली टेरी रायली यांचे ‘इन सी’ वाजले. त्यात 53 छोटी स्वरवाक्ये आहेत आणि प्रत्येक वादक ती हवी तितकी वेळा घोळवून पुढे सरकतो. स्टीव्ह राइश यांच्या ‘पियानो फेज’मध्ये (1967) दोन वादक बारा स्वरांचा एकच तुकडा एकत्र सुरू करतात. मग एक जण किंचित वेग वाढवून एका स्वराने पुढे जातो, तिथे थांबतो, पुन्हा सरकतो. बारा वेळा सरकल्यावर दोघे परत एकत्र येतात. मूळ तुकडा तोच राहतो, पण कानाला सतत नव्या सुरावटी भासतात.

या प्रवाहाला भारतीय संगीताचा थेट आधार मिळाला. ला मॉण्ट यंग आणि रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. फिलिप ग्लास पॅरिसमध्ये बुलांझे यांच्याकडे शिकत असताना एका चित्रपटासाठी रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून देत होते. मापांच्या रेघा ओढल्या की भलत्याच स्वरावर जोर पडे. उस्ताद अल्लारखा यांनी ते वारंवार निदर्शनास आणले, तेव्हा ग्लास यांनी रेघाच काढून टाकल्या. लहान स्वरगटाला एकेक स्वर जोडत किंवा वजा करत रचना वाढवण्याचे त्यांचे तंत्र या अनुभवातून आले. महात्मा गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरचा त्यांचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा 1980 साली रॉटरडॅममध्ये झाला. त्याची संहिता भगवद्‌गीतेतील संस्कृत श्लोकांची आहे.

मिनिमलिझमची ही लय घेऊन जॉन अ‍ॅडम्स मोठ्या वाद्यवृंदाकडे आणि ऑपेराकडे परतले. ‘निक्सन इन चायना’ (1987) या त्यांच्या ऑपेरात ताज्या राजकीय इतिहासाला रंगमंच मिळाला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय रचनाकार यांच्यासाठी मान्यतेची दारे मात्र सावकाशच उघडली. 1965 साली जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांना विशेष सन्मान देण्याची परीक्षकांची शिफारस पुलित्झर मंडळाने फेटाळली होती. संगीताचे पुलित्झर मिळवणारी पहिली स्त्री 1983 साली एलन टाफ झ्विलिक, पहिले कृष्णवर्णीय रचनाकार 1996 साली जॉर्ज वॉकर, आणि जॅझ रचनेला पहिले पारितोषिक 1997 साली विंटन मार्सालिस यांना. ज्या कृष्णवर्णीय संगीतावर अमेरिकेचे संगीत उभे राहील असे ड्वोर्झाक म्हणाले होते, त्याला देशाच्या सर्वोच्च संगीत पारितोषिकापर्यंत पोहोचायला शंभर वर्षे लागली.