एकात एक आभासी यंत्रे आणि पानांच्या परवानग्या

आभासी यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र चालते, तेव्हा स्मृतीच्या प्रत्येक पानावर दोन मालकांचा शब्द चालतो: खऱ्या यंत्रावरचा तळाचा यजमान आणि बाहेरच्या आभासी यंत्रातला मधला यजमान. आभासी यंत्राच्या स्मृतीचे पत्ते खऱ्या स्मृतीशी जोडणाऱ्या इंटेलच्या ईपीटी तक्त्यात 4 किलोबाइटच्या पानाची नोंद 64 बिटांची असते. तिची सर्वांत खालची तीन बिटे अनुक्रमे वाचन, लेखन आणि अंमल यांची. मात्र प्रोसेसर एका वेळी एकच ईपीटी तक्ता पाहतो. म्हणून लिनक्सचे केव्हीएम तळाच्या यजमानाचा आणि मधल्या यजमानाचा असे दोन तक्ते जुळवून तिसरा, छायातक्ता तयार करते. त्यात दोघांनीही दिलेली परवानगीच उतरते. एकाचाही नकार पुरतो.

खरी कसोटी नकारानंतर लागते. समजा, मधल्या यजमानाने एका पानावर लेखनाला मोकळीक दिली आहे. पण तळाच्या यजमानाने बदललेली पाने टिपण्यासाठी ते लेखनबंद केले आहे. आतल्या यंत्राने तिथे लिहिताच नियंत्रण तळाशी येते. केव्हीएम मधल्याचा तक्ता चाळते, तिथे परवानगी दिसते. मग पान बदलल्याची नोंद होते, लेखनाचे बिट उघडते आणि काम पुढे चालू होते. मधल्याला याचा पत्ताही लागत नाही, आणि लागूही नये. नकार मधल्याच्याच तक्त्यात असेल, तर मात्र तो दोष त्याच्याच हाती सोपवावा लागतो. ही निवड चुकली तर आतले यंत्र त्याच सूचनेवर अडकून पडते किंवा, त्याहून वाईट, मधल्याने घातलेले संरक्षण गुपचूप मोडते.

मधल्याने परवानगी काढून घेतली, की साठवलेल्या जुन्या नोंदी टाकून देण्यासाठी तो इन्व्हेप्ट ही सूचना देतो. तीही तळाशीच अडवली जाते आणि छायातक्त्यातल्या शिळ्या नोंदी तिथे दुरुस्त होतात.