ऱ्हासाची वंशावळ

आमच्या घराण्यात संस्कृतीचा ऱ्हास आजवर निदान चार वेळा होऊन गेला आहे. दर वेळी तो घरातल्या कर्त्या पुरुषाने जाहीर केला, दर वेळी त्याला एखादं यंत्र कारणीभूत होतं, आणि दर वेळी घरातल्या बायका ते यंत्र लावून बसल्या होत्या.

पहिला ऱ्हास मी आजीकडून ऐकला. आजीच्या गोष्टींत सन नसत. "ताईच्या लग्नाच्या आधल्या वर्षी", "पानशेतच्या पुरानंतर", अशी तिची कालगणना. तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, गंधर्व नाटक मंडळीचे भक्त. मंडळीचा पुण्यात मुक्काम पडला की रात्री जेवून जे घराबाहेर पडायचे ते पहाटे कोंबडं आरवल्यावर परतायचे, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पेंगायचे. मग १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, आणि चार-पाच वर्षांत संगीत नाटकाचा मांडलेला संसार उधळला. त्या संसाराचा खर्चच अफाट होता. पन्नास माणसांचं बिऱ्हाड, साजिंदे, पडदे, शालू, अत्तरं, आणि या सगळ्यावर चढलेलं कर्ज. बोलपटाचा डबा एक माणूस बगलेत मारून नेत असे. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथांच्या भूमिकेत आले. पणजोबा गेले आणि मध्यंतराआधीच उठून आले. ज्यांना आयुष्यभर रुक्मिणी आणि सिंधू म्हणून पाहिलं, ते दाढीमिशा लावून उभे आहेत हे त्यांना सोसलं नाही. घरी येऊन म्हणाले, "महाराष्ट्राचं गाणं संपलं."

आजी हे सगळं सांगून झाल्यावर आवाज खाली करून एक पुस्ती जोडायची. "सासूबाई मात्र एकाही नाटकाला गेल्या नव्हत्या हो. रात्र रात्र कोण सोडणार? 'अयोध्येचा राजा' त्यांनी दुपारच्या खेळाला जाऊन पाहिला. दोनदा."

दुसरा ऱ्हास आजोबांचा. त्याचं यंत्र रेडिओ, आणि त्यात आजोबांच्या बाजूला चक्क केंद्र सरकार होतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणते, पुण्याचे, म्हणजे आजोबांच्या लेखी घरचेच. सिनेमाची गाणी देशाची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. आजोबांनी त्यांना अभिनंदनाचं कार्ड टाकलं होतं म्हणे. परिणाम काय झाला ते आत्या सांगते. बुधवारी रात्री आजोबा गच्चीवर शतपावलीला गेले की ती आणि आजी काटा फिरवून सिलोन लावायच्या. लघुलहरींवर आवाज जायचा यायचा, एखादं कडवं समुद्रातच बुडायचं, पण बिनाका गीतमाला चुकली नाही. अख्ख्या देशाने केसकरांना असंच उत्तर दिलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू केली आणि गाणी राजमार्गाने घरात आली.

(अभिरुचीचे राखणदार कुठे कुठे पहारा देतात, याचा एक नमुना सांगून ठेवतो. ज्या पेटीवर निम्मा महाराष्ट्र गाणं शिकला, ती पेटी आकाशवाणीला १९४०पासून तीसेक वर्षं चालत नव्हती. परकी, म्हणून.)

त्याच रेडिओवर १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, आठवड्याला एक गाणं, अशी ५६ गाणी. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची. आजी त्या दिवशी रेडिओला हार घालायची, आणि आजोबा शेजाऱ्यांना सतरंजी अंथरून द्यायचे. आजोबांच्या मते हा संस्कृती जिवंत असल्याचा पुरावा, आणि बुधवारची रात्र ही मेल्याचा. आजीला दोन्ही हवं होतं, आणि त्यात विसंगती आहे हे तिला कधी कळलंच नाही. कळायची गरजही नव्हती.

तिसऱ्या ऱ्हासाच्या वेळी मी हजर होतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वर्षभराने सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही दिसू लागलं. आमच्या वाड्यात पहिला संच मालकांकडे आला. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, आणि परवान्याचे पैसे पोस्टात जाऊन भरायचे. संध्याकाळी सगळा वाडा मालकांच्या दिवाणखान्यात. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पहिले सहा महिने तिकडे फिरकले नाहीत. मुलांची पाठांतरं जाणार, संध्याकाळचं शुभंकरोती जाणार, वाचन जाणार, असं त्यांचं भाकीत होतं. त्यातलं शुभंकरोती खरोखरच गेलं.

आता आमच्या पिढीतले लोक त्या दूरदर्शनच्या आठवणी काढतात तेव्हा आवाज ओला होतो, माझाही होतो. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. विनायक चासकरांचा 'गजरा' असायचा. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांच्या रूपाने घरात वावरला. ही माणसं कुठून आली होती ते पाहिलं की त्या कामाचं मर्म कळतं. कोणी प्रायोगिक रंगभूमीवरून, कोणी राज्य नाट्यस्पर्धेतून, कोणी मासिकांतून. वीसपंचवीस वर्षं नाटकाच्या तालमीत आणि दिवाळी अंकांत जे साठलं होतं, ते दूरदर्शनने आयतं उचललं. विजया मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पडद्यावर आणली, तेव्हा पुस्तक तयार होतं, नटसंच तयार होता, आणि दिग्दर्शिकेकडे विचार करायला वेळ होता. पुढे मालिका आल्या त्याही बहुधा १३ भागांच्या, आठवड्याला एक.

पण ओल्या आवाजाने एवढंच सांगणं लबाडी होईल. ते दूरदर्शन पुष्कळदा भयंकर कंटाळवाणं होतं. मंत्र्यांची उद्‍घाटनं, संथ चर्चा, मध्येच 'व्यत्यय'ची पाटी. आणि त्यातला महाराष्ट्र दादरला सुरू व्हायचा तो सदाशिव पेठेत संपायचा. उरलेला 'आमची माती, आमची माणसं'मध्ये यायचा आणि खतांविषयी बोलून जायचा. मालकांकडे भांडी घासणाऱ्या बाई काम आटोपून दाराशी उभ्या राहायच्या, तेही फक्त छायागीताच्या दिवशी. 'प्रतिभा आणि प्रतिमा' चालू असताना त्यांना कोणी आत बोलावलं नाही, आणि त्यांनाही कधी थांबावंसं वाटलं नाही. अण्णांचा सगळ्यात मोठा राग मात्र छायागीतावरच.

अण्णांचे एक स्नेही नारायणगावचे होते. त्यांचे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना अण्णांनी आपलं आवडतं प्रवचन सुरू केलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमची संस्कृती नुसती खालावते. आमची तर सरकारनं बंदच केली होती." ते खरं होतं. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास मुंबई सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली होती. पुढे अटी लावून ती उठवली. त्यांच्या वडिलांनी तो काळ ऊसतोडीवर काढला. फडाला खरा फटका बसला तो नंतर, ऐंशीच्या दशकात. जत्रेत रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हिडिओ लागायचा, एका रात्रीत तीन सिनेमे, आणि शेजारी दोन ट्रक भरून आलेला फड रिकाम्या कनातीत उभा. ती गोष्ट सांगताना ते टीव्हीला शिव्या देत नव्हते. त्यांच्या मुलीने तोच व्हिडिओ पाहून शहर पाहिलं, असंही ते सांगायचे. अण्णांनी त्या दिवशी ताकाची वाटी दोनदा मागितली आणि विषय बदलला.

चौथा ऱ्हास जाहीर करायची पाळी माझी. तो मी रोज संध्याकाळी सातपासून दहापर्यंत जाहीर करतो.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली तेव्हा मी अगदी उलट बोलत होतो. 'आभाळमाया', 'प्रपंच', मराठी कथा-कादंबऱ्यांवरचं 'पिंपळपान', थोड्या काळाने 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दूरदर्शनवर तयार झालेलीच बरीच माणसं इथे होती आणि आता त्यांच्यापाशी पैसेही होते. बिनसलं ते रतिबामुळे. जुलै २०००मध्ये हिंदीत सासू-सुनांचा रोजचा रतीब सुरू झाला, त्याला जाहिराती मिळाल्या, आणि मराठीनेही तीच गवळ्याची वही उघडली. हिशेब साधा आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटं. आठवड्याला ६ भाग, वर्षाला ३१२. म्हणजे एकाच मालिकेला वर्षाकाठी ११४ तासांचा मजकूर लागतो. अडीच तासांचं नाटक धरलं तर पंचेचाळीस नाटकं. मराठीतल्या बहुतेक मोठ्या नाटककारांनी जन्मात तेवढी नाटकं लिहिलेली नाहीत. इथे ती एक-दोन माणसांनी बारा महिन्यांत लिहायची, आणि दर गुरुवारी रेटिंगचे आकडे आले की कथा वळवायची.

मग एका वाक्यानंतर पाच चेहरे प्रत्येकी तीनदा का दाखवतात, ते कळतं. तेवढं लिहावं लागत नाही. मेलेला माणूस परत का येतो, तेही कळतं. नवा माणूस घडवायला वेळ लागतो.

म्हणून टीव्ही खालावला यावरून मराठी समाज खालावला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, एरवी कितीही चरफडत असलो तरी. याच वीसेक वर्षांत याच लोकांतून 'श्वास' आला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आली, 'फँड्री' आणि 'कोर्ट' आले. त्यांना वेळ मिळाला होता. पैसा कुठून येतो आणि तो किती घाईत परत हवा असतो, यावर पडद्याचा दर्जा ठरतो. काही दारं तर याच वाईट काळात उघडली. 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी घराघरांत नेली, 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूर. माझ्या लहानपणी ही भाषा विनोदी नोकराच्या तोंडी असायची. मला खटकतं ते वेगळंच. दूरदर्शन साहित्यातून आणि नाटकातून घेत होतं. आजच्या वाहिन्या दुसऱ्या वाहिन्यांतून घेतात. साठा संपला म्हणावं तर तसंही नाही. पुस्तकं अजून लिहिली जातात, एकांकिका स्पर्धांना पोरं जीव टाकतात. तिकडे बघायला कोणाला सवड नाही.

आत्याला हे पटत नाही. ती आता नव्वदीला टेकली आहे आणि 'आई कुठे काय करते' तिने शेवटपर्यंत पाहिली. ती मूळची बंगाली मालिका, 'श्रीमोयी', असं मी तिला ऐकवलं. "असू दे," म्हणाली. "पंचवीस वर्षं राबलेली बाई घर सोडून निघते, हे तुझ्या चिमणरावात होतं का? वहिनी जन्मभर त्याच ओट्याशी उभी राहिली. तिला कोणी दाखवलं असतं तर?" वहिनी म्हणजे माझी आई. मी म्हटलं, पण शेवटी शेवटी किती ताणली! "ताणली," तिने मान्य केलं. "तेवढ्यात मी जप करून घ्यायची."

ओळखीतला एक तरुण अशा रोजच्या मालिकांचे संवाद लिहितो. घोडबंदरला सेट, पहाटे दोनपर्यंत लिखाण, सकाळी मोबाइलवर पानं पाठवायची, नट मेकअप करता करता ती पाठ करणार. कॉलेजात असताना त्याच्या एकांकिकेला मोठं बक्षीस मिळालं होतं. ती मी पाहिली आहे, चांगली होती. त्याला विचारलं, आठवड्याला एकच भाग लिहायचा असता तर काय केलं असतंस?

"पहिले दोन दिवस झोपलो असतो," तो म्हणाला. "मग त्या सासूला एकदा तरी नीट बोलायला दिलं असतं. तिचंही काहीतरी म्हणणं असेलच ना. चारशे भाग झाले, मला अजून विचारायला वेळ मिळालेला नाही."